हवेत गेलेल्या वायूचा हिशेब

मुर्ध्याच्या आमच्या घरात आईच्या खोलीत एक एसी आहे. २०१४ साली बसवलेला. आई आता नव्वदीच्या घरात आहे. एके काळी आमच्या गावात उन्हाळ्याच्या रात्री ओट्यावर गोधडी टाकली की पश्चिमेचा खारा वारा आपणहून झोप आणायचा. पुढे भाईंदरकडून इमारती सरकत सरकत आमच्या दारापर्यंत आल्या. वारा अडला आणि मागे उरला तो नुसता दमटपणा. मे महिन्यातल्या त्या चिकट हवेत आईला धाप लागू लागली. डॉक्टरांनी खोली गार ठेवायला सांगितले, म्हणून मी एसी घेतला. चैन म्हणून घेतला नाही, हे मी तेव्हा स्वतःलाच दोनदा बजावले. उभी नोकरी बँकेत काढलेल्या माणसाला खर्चाचे कारण रकान्यात लिहिल्याशिवाय चैन पडत नाही, त्यातलाच हा प्रकार.

गेल्या एप्रिलमध्ये हा एसी नुसता वारा देऊ लागला. गावातलाच एक तरुण मेकॅनिक आला. मला काका आणि आईला आजी म्हणणारा, कामाला चोख. त्याने बाहेरच्या युनिटला गेज लावले, मान हलवली आणि गॅस उतरल्याचे सांगितले. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत तांब्याच्या नळ्या आणि अॅल्युमिनियमच्या पट्ट्या लवकर खराब होतात. कुठेतरी बारीकसे छिद्र पडले असणार. उरलेला गॅस सोडून देतो आणि नवा भरतो, असे म्हणत त्याने पान्याने एक नट सैल केला. फुस्स असा आवाज आला. सात-आठ सेकंद. मग सगळे शांत.

आई पलंगावरून हे पाहत होती. तो गॅस गेला कुठे, असे तिने विचारले. हवेत गेला आजी, असे सांगून मेकॅनिक हसला. आईचे काही समाधान झाले नाही. तिचे तरुणपण मिठागराच्या बांधावर गेले आहे. भरतीचे पाणी आत घ्यायचे तर ते बाहेर कुठून काढायचे याचा विचार आधी करायचा, हे तिथले पहिले शिक्षण. आणि माझे म्हणाल, तर मी नावे आणि जमा यांच्यात वाढलेला माणूस. गल्ल्यातून निघालेला रुपया कुठेतरी जमा दिसायलाच हवा. संध्याकाळी ताळा जमला नाही तर पाच पैशांच्या फरकासाठी आम्ही रात्री नऊपर्यंत खातेवह्या उपसत बसत असू. त्या सात-आठ सेकंदांच्या आवाजाची जमेची बाजू मला कुठे दिसेना.

मेकॅनिकला मी हात थांबवायला सांगितले, दोन दिवस मागून घेतले, आईसाठी टेबलफॅन लावला आणि पुस्तके काढून बसलो. शोधता शोधता एका माणसाच्या चरित्रापाशी येऊन थांबलो. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

थॉमस मिजली हे त्याचे नाव. जन्म १८ मे १८८९, अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बीव्हर फॉल्स या गावी. वाढला ओहायोतल्या कोलंबसमध्ये. वडील स्वतः संशोधक वृत्तीचे, मोटारीच्या टायरांमध्ये सुधारणा करण्याचा त्यांना नाद. त्यामुळे घरात हत्यारे, यंत्रांचे सुटे भाग आणि नव्या कल्पना यांचा पसारा. मुलगा १९११ साली कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनियर झाला. म्हणजे जगाच्या इतिहासात ज्याचे नाव रसायनांमुळे राहिले, तो शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ नव्हताच. रसायनशास्त्र तो नोकरीत शिकला, गरज पडेल तसे, आपल्याकडचे वायरमन आणि फिटर शिकतात तसे.

१९१६ साली तो डेटन शहरात चार्ल्स केटरिंग याच्या हाताखाली कामाला लागला. मोटारीला हँडल मारण्याऐवजी बटण दाबून ती सुरू करण्याची सोय केटरिंगने केली होती. माणसे पारखण्यात तो वाकबगार होता. त्याने मिजलीकडे एक चिवट दुखणे सोपवले. त्या काळच्या इंजिनांवर भार आला की आत खडखड सुरू होई. इंजिन ठोके देई, ताकद वाया जाई. मिजलीने कधी आयोडिन टाकून पाहिले, कधी दुसरे काही. मूलद्रव्यांची आवर्तसारणी समोर ठेवून तो एकेका घराला टिचकी मारत पुढे जाऊ लागला. पाच वर्षांनी, डिसेंबर १९२१ मध्ये, शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये चिमूटभर घातल्यावर खडखड एकदम थांबली.

शिसे विषारी आहे हे तेव्हा ठाऊक नव्हते असे नाही. ते रोमनांच्या काळापासून ठाऊक होते. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळले तरी खडखड कमी होते, हेही मिजलीला माहीत होते. पण अल्कोहोल कोणीही गाळू शकतो, त्याचे पेटंट कोणाच्या हाती राहत नाही. शिशाचे राहत होते. आज आपल्या उसाच्या मळीतून काढलेले इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते, तेव्हा शंभर वर्षांपूर्वी बाजूला सारलेली ती वाट आठवल्याशिवाय राहत नाही.

१९२३ मध्ये हे पेट्रोल विक्रीला आले. जाहिरातीत शिसे हा शब्दच नव्हता, एथिल असे गोड नाव होते. त्याच वर्षी शिशाच्या बाधेने खुद्द मिजली आजारी पडला आणि काही आठवडे फ्लोरिडाच्या उबेत जाऊन राहिला. पुढच्या वर्षी न्यू जर्सीतल्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यात हे द्रव्य बनवणारे कामगार भ्रमिष्ट झाल्यासारखे वागू लागले आणि त्यातले पाच जण दगावले. गवगवा झाला. तेव्हा ३० ऑक्टोबर १९२४ रोजी मिजली वार्ताहरांसमोर उभा राहिला. त्याने ते द्रव्य हातांवर ओतले, हात धुतल्यासारखे चोळले आणि बाटली नाकाशी धरून मिनिटभर हुंगली. यात काही धोका नाही, हे त्याला दाखवायचे होते. काही काळ बंद राहिलेली विक्री १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. पुढे जगभरच्या शहरांमधल्या मुलांच्या रक्तात शिसे उतरत राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली पूर्ण बंद झाले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते २०२१ साली थांबले.

मिजलीच्या आयुष्यातले हे पहिले खाते. त्याचा दुसरा शोध याहून फार वेगळा आहे, आणि माझ्या आईच्या खोलीशी संबंध आहे तो त्या दुसऱ्याचा.

१९२० च्या दशकात अमेरिकेत घरोघरी विजेचे रेफ्रिजरेटर येऊ लागले होते. रेफ्रिजरेटर काय किंवा एसी काय, तत्त्व एकच. द्रव उडून वायू होतो तेव्हा तो आजूबाजूची उष्णता शोषून घेतो. उन्हाळ्यात माठ पाझरतो आणि पाणी गार होते, तसेच. फरक इतकाच, की माठातले पाणी उडून जाते, तर यंत्रात तोच वायू कॉम्प्रेसरने दाबून, बाहेर उष्णता टाकून, पुन्हा द्रव करायचा आणि पुन्हा आत पाठवायचा. या फेऱ्या मारणाऱ्या द्रव्याला रेफ्रिजरंट म्हणतात, आपण व्यवहारात नुसते गॅस म्हणतो. त्या वेळचे हे गॅस म्हणजे अमोनिया, सल्फर डायॉक्साइड आणि मिथिल क्लोराइड. तिन्ही विषारी. नळी फुटली आणि खिडक्या बंद असल्या, तर झोपलेले कुटुंब सकाळी उठत नसे. बर्लिनमधल्या अशाच एका कुटुंबाची बातमी वाचून आइन्स्टाइनसारखा माणूस हळहळला आणि लिओ झिलार्डबरोबर बिनधोक रेफ्रिजरेटरची रचना करत बसला. लोक घाबरून फ्रिज मागल्या अंगणात ठेवत. इस्पितळांना तर तो नकोसाच वाटे.

१९२८ मध्ये केटरिंगने मिजलीला नवे काम सांगितले. जळणार नाही, विषारी नसेल आणि यंत्रात नीट फिरेल असे द्रव्य हवे होते. मिजली, अल्बर्ट हेन आणि रॉबर्ट मॅकनरी यांनी पुन्हा आवर्तसारणी समोर घेतली. नको ती मूलद्रव्ये खोडत गेल्यावर बोट फ्लोरिनवर येऊन थांबले. फ्लोरिन स्वतः महाभयंकर. पण कार्बनला घट्ट धरून बसले की ते कोणाच्या अध्यात ना मध्यात, असा त्यांचा तर्क होता. अशी काही संयुगे बेल्जियमच्या स्वार्त्स या शास्त्रज्ञाने आधीच करून ठेवली होती, पण त्यांचा उपयोग कोणाला सुचला नव्हता. अवघ्या तीन दिवसांत या तिघांनी नमुना तयार केला आणि एका गिनीपिगला त्या हवेत ठेवले. ते मजेत राहिले.

इथे दैवाचा एक खेळ आहे. या कामासाठी लागणाऱ्या एका रसायनाच्या पाच बाटल्या त्यांनी मागवल्या होत्या. त्यातली त्यांनी सहज उचललेली एकच शुद्ध होती. उरलेल्या चारांत ओल होती, आणि त्यांतून फॉस्जीन हा जहरी वायू तयार झाला. पहिल्याच दिवशी दुसरी बाटली हाती आली असती, तर गिनीपिग मेले असते आणि कदाचित सगळी कल्पनाच टाकून दिली गेली असती.

एप्रिल १९३० मध्ये अटलांटा शहरात अमेरिकन केमिकल सोसायटीची सभा भरली. मिजलीने व्यासपीठावर नव्या वायूचा एक मोठा श्वास छातीत भरून घेतला आणि समोरच्या जळत्या मेणबत्तीवर सोडला. मेणबत्ती विझली. माणूस उभाच. म्हणजे विषारी नाही आणि जळतही नाही, दोन्ही गोष्टी एका फुंकरीत सिद्ध झाल्या. या वायूला फ्रिऑन नाव मिळाले. शास्त्रीय भाषेत ही क्लोरोफ्लोरोकार्बन, म्हणजे सीएफसी.

एथिलच्या वेळी त्याने केलेला प्रयोग आणि हा प्रयोग वरवर पाहता सारखेच. दोन्हीकडे वार्ताहर किंवा सभा, दोन्हीकडे तोच माणूस स्वतःचा श्वास पणाला लावतो आहे. पण पहिल्या वेळी तो जे सांगत होता ते खरे नव्हते आणि ते त्याला ठाऊक होते. दुसऱ्या वेळी त्याने दाखवले ते शब्दशः खरे होते. फ्रिऑनने त्या काळी जीव वाचवले, यात शंका नाही. औषधे, लसी, रक्त, दूध, मासे टिकवण्याची सोय झाली. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या जंगलांत मलेरियाचे डास मारणारे फवाऱ्याचे डबे याच वायूच्या दाबावर चालले. आपल्याकडे मुंबईत १९४३ साली ब्लू स्टार निघाली, १९५४ मध्ये व्होल्टास आली, १९५८ मध्ये गोदरेजने भारतात रेफ्रिजरेटर बनवला. सगळीकडे याच कुळातले वायू फिरत होते.

आमच्या बँकेत एसी शिरला तो माणसांसाठी नव्हे, संगणकासाठी. शाखेत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली तेव्हा त्यांना काचेची खोली मिळाली. आम्ही चपला बाहेर काढून आत जात असू, देवघरात जावे तसे. मे महिन्यात त्या खोलीत काहीतरी काम काढून जाण्याची चढाओढ लागे. मी स्वतः फ्रिजसाठी कर्जे मंजूर केली. नोकरी करणाऱ्या बायकांचे रोजचे ओझे त्या फ्रिजने किती हलके केले ते मी हप्ते भरायला आलेल्या चेहऱ्यांवर पाहिले आहे. फ्रिजच्या आत कोणता वायू आहे, हा प्रश्न आमच्या अर्जात नव्हता. मिजलीच्याही नव्हता. माणसाला काय होते, आग लागते का, यंत्र चालते का, हे त्याने पुरते तपासले. यंत्रातून निसटल्यावर वायू कुठे जातो, एवढे मात्र कोणी विचारले नाही.

मानसन्मान मिजलीच्या वाट्याला भरपूर आले. १९४१ साली अमेरिकन रसायनशास्त्रातले सर्वोच्च प्रीस्टली पदक, १९४४ मध्ये केमिकल सोसायटीचे अध्यक्षपद. पण १९४० मध्ये, एकावन्नाव्या वर्षी, त्याला पोलिओ झाला आणि पाय गेले. हार मानणारा तो नव्हेच. पलंगातून उठण्या-बसण्यासाठी त्याने स्वतःच दोऱ्या आणि कप्प्यांची एक रचना तयार केली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोऱ्यांत गळा आवळून त्याचा अंत झाला. पंचावन्न वर्षांचा होता. आपल्याच यंत्राने मारलेला संशोधक म्हणून पुष्कळांनी या मृत्यूवर चटकदार लिहिले आहे. अपंग झालेल्या एका माणसाला कोणाच्या मदतीशिवाय पलंगातून उठायचे होते, मला त्यात एवढेच दिसते.

त्याच नोव्हेंबरात, त्याच्या मृत्यूनंतर तीन आठवड्यांनी, इकडे मद्रास प्रांतात एका मुलाचा जन्म झाला. वीरभद्रन रामनाथन. इंजिनियर झाल्यावर या मुलाने सिकंदराबादला एका रेफ्रिजरेटर बनवणाऱ्या कंपनीत नोकरी धरली. यंत्रांतून वायू का गळतो ते शोधणे हे त्याचे काम. म्हणजे आमच्या मुर्ध्याचा मेकॅनिक करतो तेच, जरा मोठ्या प्रमाणावर. कामात मन रमेना म्हणून तो पुढे शिकायला बंगळूरला आणि तिथून अमेरिकेला गेला.

१९७४ मध्ये शेरवुड रोलंड आणि मारिओ मोलिना या दोघांनी कॅलिफोर्नियात बसून आईने विचारला तोच प्रश्न विचारला. हा वायू जातो कुठे? उत्तर असे, की कुठेच विरघळत नाही आणि कशाशी संयोग पावत नाही म्हणून तो वर वर जात राहतो. ज्या गुणासाठी मिजलीने त्याला निवडले, तोच गुण इथे आडवा आला. वर ओझोनच्या थरात पोहोचल्यावर सूर्याच्या प्रखर किरणांनी तो फुटतो, त्यातला क्लोरिन सुटतो आणि क्लोरिनचा एक अणू ओझोनचे लाखभर रेणू मोडू शकतो. ओझोनचा थर म्हणजे पृथ्वीवरचे सावलीचे छत. ते फाटले तर कातडीचा कर्करोग, मोतीबिंदू आणि पिकांची हानी. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर ते छत खरोखरच विरल्याचे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जाहीर केले. त्याआधी १९७५ मध्ये रामनाथन यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती. हा वायू उष्णताही कोंडून धरतो, आणि रेणूला रेणू पाहिला तर कार्बन डायॉक्साइडच्या दहा हजार पटीने. सिकंदराबादच्या गळत्या शोधणाऱ्या तरुणाने जगातल्या सर्वांत मोठ्या गळतीचा हिशेब असा मांडला.

त्यानंतर नियम आले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियलचा करार झाला. श्रीमंत देशांनी पन्नास वर्षे वायू वापरून घेतला आणि आता आमच्या दारात फ्रिज येतो तेव्हा बंदी, हे कसे, असा रास्त सवाल भारताने केला. १९९० च्या लंडनच्या बैठकीत तेव्हाच्या पर्यावरणमंत्री मनेका गांधी यांनी तो नेटाने लावून धरला. विकसनशील देशांना जास्त मुदत आणि बदलाच्या खर्चासाठी निधी मिळाला. १९९२ मध्ये भारत करारात सामील झाला आणि १ ऑगस्ट २००८ पासून, ठरल्या मुदतीच्या आधी, आपण सीएफसीचे उत्पादन थांबवले.

सीएफसीच्या जागी आला आर-२२. ओझोनला त्याचा त्रास पुष्कळ कमी, पण आहेच. आईच्या एसीत तोच आहे. २०२४ अखेर नव्या यंत्रांत तो भरणे बंद झाले आणि २०३० पर्यंत तो जवळजवळ संपायचा आहे. मग फक्त जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता थोडासा उरेल. त्याचा भाव वर्षागणिक का चढतो, याचे कारण हे. त्यानंतर आलेला आर-४१० ए ओझोनला निरुपद्रवी, पण उष्णता कोंडण्यात कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे दोन हजार पट. म्हणून २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली शहरात कराराला पुरवणी जोडली गेली. भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. त्यानुसार या जातीच्या वायूंचा वापर आपण २०२८ मध्ये आहे तिथे रोखायचा, २०३२ पासून टप्प्याटप्प्याने उतरवायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा. ही पुरवणी सर्वांनी पाळली तर शतकाच्या अखेरीस पृथ्वीची तापमानवाढ अर्ध्या अंशापर्यंत टळू शकते.

आज दुकानात बहुतेक आर-३२ चे एसी दिसतात. त्याचा आकडा ६७५ च्या आसपास. आणखी एक वायू आहे, आर-२९०. त्याचा आकडा एक अंकी. सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्यात गोदरेजने जर्मन सहकार्याने या वायूवर चालणारे एसी तयार केले आणि २०१२ मध्ये बाजारात आणले. आर-२९० म्हणजे साधा प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या वायूचा सख्खा भाऊ. म्हणजे पेटणारा! जळणारा वायू नको म्हणून मिजलीने एवढा खटाटोप केला, आणि नव्वद वर्षांनी आपण पुन्हा तिथेच. पण पूर्णपणे तिथे नाही. एका एसीत तो तीन-चारशे ग्रॅमच असतो, तो किती आणि कुठे भरावा याचे नियम आहेत, आणि तो हाताळायला शिकलेला माणूस लागतो. तसा अमोनियाही कुठे गेलेला नाही. मासळीसाठी बर्फ करणाऱ्या कारखान्यांत आजही तोच फिरतो. धोका माणसाला दिसतो, वासाने कळतो, तेव्हा माणूस जपून वागतो.

बँकेच्या तपासणीत आम्ही बुडीत कर्जांचे दोन ढीग करत असू. एकात तारण खोटे आहे हे माहीत असून दिलेली कर्जे. दुसऱ्यात कागद चोख, माणूस प्रामाणिक, पण कोणालाच न दिसलेल्या संकटाने बुडालेली. रक्कम दोन्हीकडे सारखीच बुडते. पण अधिकाऱ्याचा न्याय करताना आम्ही दोन्ही एकाच मापाने मोजत नसू. मिजलीचे शिसे पहिल्या ढिगात जाते. फ्रिऑन मी दुसऱ्यात ठेवतो. त्याच्यावर एकगठ्ठा खलनायकाचा शिक्का मारणारे हा फरक विसरतात. आता आपले काय? सगळे कळल्यानंतर, २०१४ च्या एसीतला उरलेला आर-२२ मी हवेत सोडू दिला, तर माझे खाते कोणत्या ढिगात जाईल? दीड टनाच्या एसीत तो साधारण एक किलो असतो. तो एक किलो हवेत गेला तर साडेसातशे लिटरांहून अधिक पेट्रोल जाळल्याइतकी उष्णता कोंडली जाते. मी गाडी चालवत नाही, याचा मला अभिमान होता.

दोन दिवसांनी मेकॅनिक आला तेव्हा त्याला हे सारे सांगितले. तो ऐकून गप्प झाला. मग त्याने आपली बाजू मांडली. वायू परत सिलिंडरमध्ये ओढून घेणारे यंत्र महाग. काम दुप्पट वेळाचे, पैसे मात्र तेवढेच. घाईतले गिऱ्हाईक म्हणते, भर आणि चालू कर. त्याचे खरे होते. माँट्रियल आणि किगालीत मंत्र्यांनी सह्या केल्या, पण त्या नियमाचे शेवटचे कलम तिसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर एक पाय टेकून उभा असलेला हा मुलगा अमलात आणतो. २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना शिकवण्याचे ठरले ते याचसाठी. त्याच्या वेळेचे पैसे शेवटी गिऱ्हाइकानेच द्यायला हवेत.

ते मी दिले. त्याने मित्राकडून ते यंत्र आणले आणि राहिलेला वायू एका सिलिंडरमध्ये ओढून घेतला. नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाचा फेस लावून त्याने गळती शोधली. बाहेरच्या युनिटच्या सांध्यापाशी बारीक बुडबुडे आले. जोड बदलला, पंपाने आतली हवा काढली आणि वायू काट्यावर तोलून भरला. जुन्या यंत्रात दुसरा स्वस्त गॅस घालून देणारेही असतात, हे त्यानेच सांगितले. आर-२२ च्या यंत्रात प्रोपेन घालणे म्हणजे घरात आग आणणे, आणि आर-४१० ए चा दाब ते यंत्र सोसत नाही. नवा एसी घेण्याची घाई करू नका, असाही त्याने सल्ला दिला. गळत नाही तोवर हा चालू द्या, आणि काढाल तेव्हा आतला वायू ओढून घेतल्याशिवाय भंगारवाल्याला देऊ नका.

एक गोष्ट मात्र मी आपणहून केली. एसी २० वर असायचा तो २४ वर आणला आणि वर पंखा लावला. २०२० पासून विकल्या जाणाऱ्या एसीत सुरुवातीचे तापमान २४ च ठेवलेले असते. एसीचा पृथ्वीवरचा बराचसा भार त्याने खाल्लेल्या विजेचा असतो, वायूचा हिशेब त्यानंतरचा.

ओझोनच्या छताची बातमी चांगली आहे. जगाने ते नियम पाळले, म्हणून २०४० च्या सुमारास बहुतेक ठिकाणी ते १९८० सारखे होईल आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. इतक्या देशांनी एकत्र येऊन एखादी चूक दुरुस्त केल्याची उदाहरणे फार नाहीत. आपल्या पिढीने हे पाहिले.

काम संपल्यावर आईने मेकॅनिकला चहा दिला आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला, या वेळी तो गेला कुठे? त्याने सिलिंडर उचलून दाखवला. आईने मान डोलावली आणि पलंगावर आडवी झाली. मी खर्चाच्या वहीत तारीख घातली, भरलेल्या वायूचे वजन लिहिले, आणि समोरच्या रकान्यात ओढून घेतलेल्या वायूचे. दोन्ही आकडे काही जुळले नाहीत. आधीच्या गळतीत गेला तो गेलाच, आणि त्या सात-आठ सेकंदांतला तर माझ्या डोळ्यांदेखत. तेवढा फरक मी वहीत तसाच दाखवून ठेवला आहे.